भाला, बांबूचा, एक नग

शिकागोला लेकीकडे गेलो की माझा दिवस तिच्या लायब्ररीच्या वेळेवर चालतो. सकाळी ती डेस्कवरून पाहुण्यांचा पास काढून देते, मला खालच्या कॅफेत बसवते आणि वर निघून जाते. रेगेनस्टाइन लायब्ररी. पोरं नुसतं 'रेग' म्हणतात. करड्या दगडाची अवाढव्य इमारत, बाहेरून पाहिली तर पाटबंधारे खात्याची वाटावी. अडतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात हिशेब लिहिलेल्या माणसाला तिथली शांतता फार वेळ सोसत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी इमारतीभोवती फेऱ्या मारायला लागलो.

पलीकडे एलिस अ‍ॅव्हेन्यूवर हेन्री मूरचं ब्रॉन्झचं शिल्प आहे. एका बाजूने बघावं तर कवटी, दुसऱ्या बाजूने अणुस्फोटाचा ढग. २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया या जागी घडवली. शिकागोत हे झालं एवढं ऐकून होतो. पण ही जागा म्हणजे एका स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या गॅलरीखालचं, रॅकेटने खेळायचं बंदिस्त कोर्ट होतं, हे मला तिथला फलक वाचल्यावर कळलं. स्टेडियमचं नाव स्टॅग फील्ड. गॅलरी १९५७ मध्ये पाडली, आणि १९७० मध्ये मैदानावर ही लायब्ररी उभी राहिली. म्हणजे मी रोज कॉफी पितो ती मैदानात बसून.

माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न कारकुनाचा होता. एवढं मोठं स्टेडियम विद्यापीठाने रिकामं कसं काय टाकलं होतं? आणि ज्याचं नाव त्याला दिलं होतं, तो माणूस काय म्हणाला?

तो माणूस म्हणजे अ‍ॅमोस अलोन्झो स्टॅग. शिकागो विद्यापीठाचा क्रीडा संचालक, १८९२ पासून पुढे ४१ हंगाम. हा आकडा वाचल्यावर मला आमच्या कॉलेजातले जिमखान्याचे सर आठवले. कागदावर 'शारीरिक शिक्षण संचालक', बोलताना 'जिमखान्याचे सर', आणि पाठीमागे 'शिट्टी'. त्यांची बिलं एकतीस वर्षं माझ्या टेबलावरून गेली. गेली म्हणजे, बरीचशी परत गेली.

स्टॅगचा जन्म १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. बाप चांभारकाम करायचा, घरात आठ पोरं. येल विद्यापीठात पोचला तो पाद्री व्हायचं म्हणून. तिथे बेसबॉलचा नामांकित गोलंदाज झाला. व्यावसायिक संघांनी पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत, कारण त्या मैदानांवर दारू विकली जायची. दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. धर्मशास्त्राचे वर्गही केले, पण एक अडचण निघाली: चार लोकांसमोर उभं राहिलं की याला बोलता येईना. प्रवचन न जमणारा पाद्री कोण ठेवून घेणार? मग तो मैदानाकडे वळला आणि १८९० मध्ये स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण शाळेत गेला.

ही शाळा आपल्या कामाची आहे म्हणून जरा थांबतो. स्टॅग तिथे असतानाच जेम्स नेस्मिथने १८९१ च्या डिसेंबरात बास्केटबॉल शोधून काढला. मार्च १८९२ मध्ये विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असा पहिला जाहीर सामना झाला, शिक्षक ५–१ असे हरले, आणि तो एकुलता एक गुण स्टॅगचा होता. याच स्प्रिंगफील्डमधून पुढे हॅरी क्रो बक नावाचे गृहस्थ मद्रासला आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. आमच्या सरांना ज्यांनी घडवलं ते मद्रासला शिकून आलेले. सर कधी रंगात आले की 'बकसाहेबांच्या परंपरेतले आम्ही' असं म्हणत, आणि स्टाफरूममध्ये मागे कोणीतरी बकरीसारखं ओरडत असे.

आता स्टॅगची नेमणूक. ही हकीकत मी तीनदा वाचली, कारण माझ्या नोकरीत असा प्रकार मी पाहिला नाही. विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅगला बायबल शिकवणारे प्राध्यापक. रॉकफेलरच्या पैशाने शिकागोत नवं विद्यापीठ निघत होतं आणि हार्पर त्याचे पहिले अध्यक्ष व्हायचे होते. त्यांनी स्टॅगला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बोलावलं आणि विचारलं, येतोस का? वर्षाला दीड हजार डॉलर. स्टॅग गप्प. हार्परना वाटलं, गडी अडून बसला. दोन हजार आणि सहायक प्राध्यापकपद. स्टॅग तरी गप्प. मग अडीच हजार, सहयोगी प्राध्यापकपद, आणि कायम. खरं म्हणजे त्या कल्पनेनेच त्याची वाचा बसली होती. बोलता न येण्याने ज्याचं पाद्रीपण गेलं, त्याला बोलता न येण्यानेच प्राध्यापकपद मिळालं.

पगाराचा आकडा सोडा. खेळ शिकवणाऱ्या माणसाला ग्रीक शिकवणाऱ्याच्या रांगेत खुर्ची, ही त्यातली खरी रक्कम. अमेरिकेतही तेव्हा ही गोष्ट नवीच होती. आमच्या स्टाफरूमच्या दारावर नावांची एक लाकडी फळी होती. विभागवार सगळे प्राध्यापक, त्यांच्याखाली ग्रंथपाल, त्यांच्याखाली जिमखान्याचे सर, आणि मग फळी संपायची. फळी रंगवून घेताना एकदा पेंटरला खाली जागा पुरेना, तर त्याने सरांचं आडनाव नुसत्या आद्याक्षरावर भागवलं. सहा वर्षं ते तसंच राहिलं. पेंटरचं बिल मी पूर्ण पास केलं होतं.

ऑक्टोबर १८९२ मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ना धड मैदान ना खेळाडू. पहिल्या हंगामात गडी पुरेनात म्हणून तीस वर्षांचा हा संचालक स्वतः कपडे बदलून फुटबॉल (चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन प्रकार) खेळायला उतरला. जागा मार्शल फील्ड या व्यापाऱ्याने दिलेली. तिला कुंपण घालायचं काम स्टॅगने पोरांना हाताशी धरून केलं. पुढच्याच वर्षी विद्यापीठाला लागून जागतिक प्रदर्शन भरलं, जगातलं पहिलं फेरिस व्हील इथल्या मिडवेवर फिरायला लागलं, आणि त्याच निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत शहराच्या मध्यावर विवेकानंद बोलले. आपल्याला शिकागो म्हटलं की तेवढंच आठवतं. त्या सप्टेंबरात काही मैलांवर एक माणूस गवत काढत होता, याची नोंद आपल्याकडे कशाला असेल?

हार्परना खेळ हवा होता तो नावासाठी. देशभर फिरून सगळ्या कॉलेजांना लोळवतील असे संघ मला तयार करून दे, त्यांना पॅलेस कार देऊ आणि वर सुट्टीही देऊ, असं त्यांनी स्टॅगला लिहिलं होतं. पॅलेस कार म्हणजे रेल्वेचा ऐषारामी डबा. आणि खरोखरच १८९४ च्या नाताळात हा संघ थेट कॅलिफोर्नियापर्यंत खेळायला गेला. त्याच वर्षी स्टॅगचं स्टेला रॉबर्टसनशी लग्न झालं होतं, तीही बरोबर होती. पुढे ही बाई आयुष्यभर प्रतिस्पर्ध्यांचे डाव कागदावर उतरवून नवऱ्याला देत राहिली. तिच्या नावाने कुठलं व्हाउचर निघालं असेल असं मला वाटत नाही.

आमची पॅलेस कार म्हणजे एस.टी.चा लाल डबा. खो-खोच्या मुलींचा संघ झोनलला न्यायचा तर सर आधी अ‍ॅडव्हान्सचा अर्ज द्यायचे. मी विचारायचो, मागचा अ‍ॅडव्हान्स सेटल झाला का? झालेला नसायचा, कारण मागच्या वेळच्या केळ्यांची पावती नव्हती. केळेवाला पावती देत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण ऑडिटरला ठाऊक नसतं. मग सर खिशातून पैसे घालून संघ नेत, आणि मार्चमध्ये मी त्यांची बिलं एका गठ्ठ्यात आक्षेपासह परत करी. फक्कीच्या बिलाची गोष्ट तर ऑफिसात चवीने सांगितली जाई. मैदान आखायला पांढरी फक्की लागते, ती पोत्याने येते. मी शेरा मारला होता: 'सदर माल शिल्लक दाखवावा.' सर मला घेऊन खिडकीशी गेले आणि बाहेर बोट दाखवून म्हणाले, "भाऊसाहेब, ती बघा शिल्लक. पाऊस पडायच्या आत मोजून घ्या."

स्टॅगला असा भाऊसाहेब भेटला नाही. इथे मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट दिसते, आणि तिच्यातला धोकाही. फुटबॉलच्या तिकिटांचा पैसा त्याच्याच विभागाकडे यायचा. तो उत्तरं द्यायचा ती अध्यक्षांना. बाकी प्राध्यापकांना त्याच्या कारभारात हात घालायला जागाच नव्हती. त्या जोरावर त्याने काय उभं केलं ते बघण्यासारखं आहे. १९०४ मध्ये बार्टलेट जिमखाना झाला. साध्या विद्यार्थ्यालाही व्यायाम सक्तीचा होता. अ‍ॅथलेटिक्स आणि बेसबॉल तोच शिकवायचा. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकला तो आपली पोरं घेऊन गेला. १९०२ पासून देशभरातल्या शाळकरी धावपटूंची स्पर्धा त्याने आपल्या मैदानावर भरवली, १९१७ पासून शाळांची बास्केटबॉल स्पर्धा. मिडवेस्टातल्या विद्यापीठांची जी संघटना आज बिग टेन म्हणून ओळखली जाते, तिच्यात शिकागो पहिल्यापासून होतं. ती उभी राहिली १८९६ मध्ये.

त्याची शिस्तही ऐकण्यासारखी. शिवी द्यायची नाही, पण राग तर येणारच. म्हणून तो चुकलेल्या खेळाडूला 'गाढव' म्हणे. मोठी चूक केली तर 'दुहेरी गाढव', आणि फारच झालं तर 'तिहेरी'. असं सांगतात की सरावाच्या शेवटी मैदानावर माणूस क्वचितच उरायचा. हे मी सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. त्यांची वरची पट्टी 'अरे ठोंब्या' अशी होती, पण तिला असे दर्जे नव्हते.

आणि १९२२ चा प्रिन्स्टनशी झालेला सामना. शिकागो पुढे होतं आणि शेवटी २१–१८ ने मागे पडलं. अखेरच्या मिनिटांत गोलरेषा अगदी जवळ होती. बाकावरून एखादा बदली खेळाडू आत पाठवायचा आणि त्याच्या तोंडी डाव सांगून धाडायचा, एवढं केलं असतं तरी चाललं असतं. स्टॅगने केलं नाही. तो नियम समितीवर होता आणि समितीला अशी निरोप्यागिरी पसंत नव्हती. डाव पोरांनी ठरवायचा. पोरांनी ठरवला, तो फसला. ज्याला कोणी विचारणारं नाही तो माणूस स्वतःला असा धरून ठेवतो, याचं मला फार कौतुक वाटतं. पण माझं कौतुक इथेच जरा अडखळतं.

कारण १९०५. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सुमारे २७ हजार लोकांसमोर शिकागोने मिशिगनला २–० ने हरवलं. मिशिगन आधीच्या ५६ सामन्यांत एकदाही हरलेलं नव्हतं. शिकागोचा हीरो होता वॉल्टर एकर्सॉल. त्याने लांब उडवलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कने आपल्या गोलरेषेमागे पकडला, पुढे पळायला बघितलं आणि त्याला मागे ढकलून तिथेच लोळवण्यात आलं. त्याबद्दल शिकागोला दोन गुण. हा एकर्सॉल शिकागोत आला तेव्हा प्रवेशाला लागणारे विषयही त्याचे पुरे नव्हते. तो वर्षानुवर्षं खेळला, विद्यापीठाचं नाव देशभर गेलं, आणि खेळायची मुदत संपल्यावर तो पदवी न घेताच बाहेर पडला. आमच्याकडे खेळाडूला दहा गुण वाढवून मिळायचे, तर त्यासाठी तीन सह्या आणि मूळ प्रमाणपत्र लागायचं. मी ते प्रमाणपत्र उजेडात धरून बघायचो. तेव्हा ते खवटपणाचं वाटे. आता वाटतं, शिकागोत एखादा माणूस उजेडात धरून बघणारा असता तर त्या पोराच्या हातात निदान पदवी राहिली असती.

डेनी क्लार्कचं पुढे काय झालं हे लिहावं की नाही, विचार करत होतो. त्याने १९३२ मध्ये आत्महत्या केली. सत्तावीस वर्षं तो त्या दोन गुणांसाठी ओळखला गेला.

बिन-ऑडिटच्या मोठेपणाचं काय होतं, याचं एक उदाहरण तर फारच अलीकडचं. बिग टेनने २०१० मध्ये आपल्या फुटबॉल करंडकाला स्टॅगच्या जोडीने पेन स्टेटचा जो पॅटर्नो याचं नाव दिलं होतं. तोही एकाच विद्यापीठात ४६ हंगाम मुख्य प्रशिक्षक. त्याच्या एका माजी सहायकाचं मुलांच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण उघड झालं, त्यात पॅटर्नोला जावं लागलं, आणि करंडक पहिल्यांदा कोणाच्या हातात पडायच्या आधीच त्यावरून त्याचं नाव काढलं गेलं. आता तिथे एकट्या स्टॅगचं आहे.

हार्पर १९०६ मध्ये गेले. त्यांच्यामागून आलेल्या अध्यक्षांनी स्टॅगला फारसं छेडलं नाही. मैदानाला त्याचं नावही दिलं. पण १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स आले. वय तीस. स्टॅग या विद्यापीठात आला तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. हचिन्सना विद्यापीठ हवं होतं ते पुस्तकांचं आणि वादविवादांचं. शिवाय स्टॅगच्या संघाची सद्दीही संपत आली होती. १९२४ नंतर बिग टेनचं विजेतेपद त्याच्याकडे आलं नाही. १९३२ मध्ये त्याला सत्तर पूर्ण झाली आणि नियम पुढे आला. सत्तरीला निवृत्ती. 'कायम' शब्दाचा अर्थ नेमणुकीच्या वेळी एक असतो आणि निवृत्तीच्या वेळी दुसरा, हे मी माझ्या नोकरीत किती जणांना समजावून सांगितलं असेल! सन्मानाचं, काम नसलेलं एक पद त्याला देऊ केलं होतं. काम नसलेली नोकरी मी घेऊ शकत नाही, मी धडधाकट आहे आणि रिकामा बसून कोणाची अडचण व्हायची माझी तयारी नाही, असं तो म्हणाला. आणि १९३३ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, बायकोला घेऊन कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गेला. तिथे कॉलेज ऑफ द पॅसिफिक नावाचं लहानसं कॉलेज होतं.

त्याच जूनमध्ये स्टॅग फील्डवर शाळकरी पोरांची ती स्पर्धा भरली होती. क्लीव्हलँडहून आलेला जेसी ओवेन्स नावाचा मुलगा १०० यार्ड ९.४ सेकंदांत धावला आणि त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली.

आमचे सर १९९८ मध्ये साठ पूर्ण करून निवृत्त झाले. नियत वयोमानानुसार, कुठल्याही भांडणाशिवाय. निवृत्तीआधी 'ना-देय' दाखला लागतो, आणि जिमखान्याचा दाखला म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर घेऊन एक-एक वस्तू मोजायची. मी स्वतः गेलो. थाळ्या, गोळे, खांबांना बांधायची जाळी, तीन शिट्ट्या, सुटलेल्या शिवणीचे व्हॉलीबॉल. सगळं जुळलं. एक सोडून: भाला, बांबूचा, एक नग. रजिस्टरला चार, कोपऱ्यात तीन. सर म्हणाले, असेल कुठेतरी. मी म्हणालो, असेल तर दाखवा, नसेल तर वसुली. एकशे ऐंशी रुपये. त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवले, मी पावती फाडली. एकतीस वर्षांत त्यांची आणि माझी एवढीच व्यवहाराची गोष्ट पहिल्या फेरीत मिटली.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी ऑफिसची साफसफाई निघाली. आमचे शिपाईमामा छताची जळमटं काढत होते. लांब काठी, टोकाला सुतळीने आवळलेला केरसुणीचा बुंधा. काठीच्या मधोमध दोरी गुंडाळलेली मूठ होती. झाडूला अशी मूठ नसते. मी ती काठी बराच वेळ बघत राहिलो आणि काहीच बोललो नाही. बोललो असतो तर एकशे ऐंशी रुपये परत करायला ठराव लागला असता. झाडू किमान दहा वर्षं आमच्याच ऑफिसात, माझ्याच पाठीमागच्या कोपऱ्यात उभा होता.

स्टॅगकडे वळतो. १९३८ मध्ये पॅसिफिकचा संघ शिकागोत खेळायला आला. सामना स्टॅग फील्डवर. शहात्तर वर्षांचा स्टॅग स्वतःचं नाव असलेल्या मैदानावर पाहुण्यांच्या बाकावर बसला, आणि त्याच्या लहान कॉलेजाने शिकागोला ३२–० ने हरवलं. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या तोंडून त्या शांत कॅफेत 'शाब्बास' निघून गेलं, आणि शेजारची मुलगी हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागली. पण पुन्हा वाचताना आनंद ओसरला. ज्याला त्याने हरवलं ते सगळं त्यानेच तर उभं केलेलं. त्या दिवशी त्याला काय वाटलं असेल, हे कुठल्याही निकालपत्रात नाही.

पुढचा हंगाम शिकागोचा शेवटचा ठरला. मिशिगन ८५–०, हार्वर्ड ६१–०, ओहायो स्टेट ६१–०. सगळे आकडे समोरच्याचे. १९३९ च्या डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये बिग टेनही सोडली. मोठी गर्दी बसवायला बांधलेल्या गॅलऱ्या ओस पडल्या. ज्या गॅलरीखाली फर्मीने ग्रॅफाइटचे ठोकळे रचले, तिच्यावर बसून टाळ्या वाजवणारं कोणी तोवर राहिलंच नव्हतं. माझ्या कारकुनी प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

स्टॅग मात्र थांबला नाही. पॅसिफिकमध्ये १९४६ पर्यंत १४ हंगाम. १९४३ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, देशभरच्या प्रशिक्षकांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक निवडलं. मग पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना विद्यापीठात, जिथे मुलगा प्रशिक्षक होता, तिथे १९५२ पर्यंत त्याच्या जोडीला. त्यानंतर पुन्हा स्टॉकटनला, तिथल्या ज्युनियर कॉलेजच्या पोरांना चेंडूला लाथ कशी मारायची ते शिकवायला. नव्वदी उलटून गेलेली. प्रशिक्षक म्हणून त्याच्या नावावर ३१४ विजय लागले. मार्च १९६५ मध्ये तो गेला, एकशे दोन वर्षांचा होऊन. शिकागोत दोन वर्षं आधी फुटबॉल पुन्हा सुरू झाला होता, हौशी क्लब म्हणून. १९६९ मध्ये तो रीतसर विद्यापीठाचा संघ झाला. आता इथून थोडं पश्चिमेला, कॉटेज ग्रोव्हच्या बाजूला, नवं स्टॅग फील्ड आहे. एका शनिवारी तिथे सामना पाहिला. तिसऱ्या श्रेणीचा खेळ, खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. बाकांवर बहुतेक आईबाप. हार्परनी पॅलेस कार पाठवली नसती, पण खेळ चांगला झाला.

बार्टलेट जिमखाना अजून उभा आहे, आता तिथे मेस आहे. लेक मला दुपारी जेवायला तिथेच नेते. उंच छताखाली, जिथे पोरं कसरत करायची, तिथे मी ट्रे घेऊन राजमा-भाताच्या जवळ जाणारं काहीतरी शोधतो.

परवा रात्री साडेनऊला सरांना फोन लावला. तिकडे सकाळचे आठ. सर आता सत्त्याऐंशीचे. मैदानावरून नुकतेच आले होते. अजून रोज जातात, शाळेच्या पोरांना उडीचा धावपट्टा आखून देतात, फक्की स्वतःच्या पैशाची. त्यांना स्टॅगचं सगळं सांगितलं. ३२–० चा सामना ऐकून त्यांनी विचारलं, "त्याचं जुनं ऑफिस त्याला बघू दिलं का?" मला ठाऊक नव्हतं. मग थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला, आणि सत्तावीस वर्षं न बोललेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, सर, तो भाला. तो आमच्याच ऑफिसात होता. झाडू केला होता त्याचा.

"माहीत आहे," सर म्हणाले. "मीच दिला होता मामांना. टोकाशी चिरला होता, फेकायच्या कामाचा राहिला नव्हता. आणि तुमच्या डोक्यावर जळमटं फार झाली होती."

"मग सांगितलं का नाही? पैसे कशाला भरले?"

"भाऊसाहेब, वस्तू मोडली असं रजिस्टरला लिहायचं तर तुमची त्रिसदस्यीय समिती बसवावी लागते. माझ्याकडे चारच दिवस होते."